दिंडीत देवाचा वाद कसा करावा

दिवे घाटात ‘देव आहे का’ हा विषय काढायचा नाही, हे आमच्या दिंडीत पक्कं ठरलेलं आहे. पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सर्वांत लांब टप्पा, सुमारे ३२ किलोमीटर, आणि चढ लागतो तो पाय थकल्यावर. दम लागलेला माणूस समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. टाळ चालू असताना तर बोलायचंच नाही. एकाने ताल सोडला की मागची रांग विस्कटते. सासवडला पालखी दोन रात्री थांबते. मधल्या दिवशी, पायांना तेल लावून झालं की राहुटीत बसायचं आणि तिथे सुरुवात करायची. पुढचे टप्पे बेताचे आहेत, जेजुरी १६ किलोमीटर, तिथून वाल्हे १२. रात्री जेवणानंतर तासभर मिळतो.

पहिल्या बैठकीत ‘देव आहे का’ हा प्रश्न घ्यायचाच नाही. आधी बोलण्याचा प्रकार ठरवायचा. न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राने, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: खरं काय ते कळावं म्हणून केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडत जाणारी वितंडा. ‘आहे’ म्हणणारे बहुधा जल्पाकडे घसरतात, ‘नाही’ म्हणणारे वितंडेकडे. दोघं एकमेकांना ‘माउली’ म्हणतात तोवर निभावतं. ते संबोधन गळालं की त्या रात्रीपुरती बैठक मोडायची.

मग लक्षण, म्हणजे व्याख्या. खरा वेळ इथे द्यावा, दोन रात्री गेल्या तरी चालतील. प्रत्येकाने ‘देव म्हणजे…’ असं सुरू होणारं एकच वाक्य सांगायचं, आणि ते तीन दोषांवर घासून पाहायचं. शास्त्रातलं उदाहरण गायीचं आहे. ‘कपिल रंगाची ती गाय’ म्हटलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेली ती गाय’ म्हटलं तर म्हैस आत येते, ही अतिव्याप्ती. ‘घोड्यासारखा अखंड खूर असलेली ती गाय’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव.

आता हेच देवाला लावा. ‘विटेवर उभा, कर कटीवर तो देव’ हे लक्षण जेजुरीत पोचताच अपुरं पडतं. तिथे पालखीवर भंडारा उधळला जातो आणि पंढरीचा वारकरी खंडोबालाही मनापासून हात जोडतो. ‘जे जे चांगलं ते देव’ म्हणाल तर तहानेल्याला दिलेलं तांब्याभर पाणीही देव ठरतं. पुष्कळांना ते मान्यच असतं, आणि त्यात वाईट काही नाही. पण मग ‘देव’ हा गौरवाचा शब्द झाला, त्याच्या अस्तित्वाचा पुरावा मागण्यात अर्थ उरला नाही. ‘ज्याच्यापासून जगाची उत्पत्ती, स्थिती, लय होतात तो’ हे ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्याच सूत्रातलं लक्षण. याला तटस्थ लक्षण म्हणतात: ‘कावळा बसलाय ते घर’ म्हटल्यावर घर सापडतं, घराच्या आत काय आहे ते कळत नाही. योगसूत्रांतला ईश्वर निराळा. क्लेश, कर्म, कर्मफळ आणि वासना यांचा स्पर्श नसलेला तो विशेष पुरुष, म्हणजे आत्मा. त्याने जग केलं असं त्या व्याख्येत म्हटलेलंच नाही. एकाच्या मनात पहिला आणि दुसऱ्याच्या मनात दुसरा असेल तर दोघं फलटणपर्यंत भांडतात आणि एकमेकांना लागतच नाहीत.

लक्षण ठरलं की अनुमान, म्हणजे दिसतं त्यावरून न दिसणारं तर्काने ठरवणं. जुनं आणि भक्कम, न्यायशास्त्रातल्या उदयनाचार्यांनी जोरकसपणे मांडलेलं: मडकं कार्य आहे म्हणून त्याला कुंभार लागतो, जगही कार्य आहे म्हणून त्यालाही कर्ता हवा. ऐकताना पटतं. फसतं ते उदाहरणात. कुंभाराला शरीर असतं, माती आधीपासून असते, आणि मोठं घर बांधायला अनेक गवंडी लागतात; मग कर्ताही सदेह आणि अनेक का नकोत? शिवाय वारूळही मातीचंच, घडवल्यासारखं दिसणारं, पण ते कुंभाराने केलेलं नसतं, ही बौद्ध तार्किक धर्मकीर्तींची हरकत. न मानणाऱ्याने मात्र इथे उडी मारू नये. अनुमान पडलं म्हणजे कर्ता नाही असं ठरत नाही, एवढंच ठरतं की या वाटेने तो सिद्ध झाला नाही. रांगेत आपण ज्ञानदेवांचं ‘तुज सगुण म्हणों कीं निर्गुण रे’ गातो, त्यात पुढे ‘अनुमानेना’ येतं. ते गाताना थांबून ऐकावं.

लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. दोन अश्व धावतात; एकावर स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्याची पाठ मोकळी. टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘माउली बसलेले आम्हाला दिसतात’ असं प्रत्यक्षाच्या भाषेत सांगणं. प्रत्यक्षात पाठ रिकामीच दिसते, आणि त्याबद्दल मानणाऱ्याचं नि न मानणाऱ्याचं दुमत नसतं. मतभेद आहे तो त्या रिकामेपणाच्या अर्थाबद्दल. हे स्पष्ट म्हटलं की निम्मा राग तिथेच ओसरतो.

सर्वांत अवघड बैठक दुःखाची. पेरणी उरकून आलेला शेतकरी राहुटीत असतो आणि गावाकडून पाऊस दडी मारून बसल्याचा फोन येतो. देव सर्वसमर्थ आणि दयाळू असेल तर हे का? ब्रह्मसूत्रांचं उत्तर असं की देव निर्दय नाही, पक्षपातीही नाही. तो ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो. मीमांसक, म्हणजे वेदांतल्या कर्मांचा विचार करणारे पंडित, तिथेच अडवतात: फळ कर्मानेच ठरत असेल तर मधे देव कशाला? माझ्या मते ही हरकत आजही उभी आहे, आणि मानणाऱ्याने ती मान्य करून पुढे बोलावं. पण ज्याचं बियाणं करपतंय त्याच्या तोंडावर कर्माचा सिद्धांत कधीही मांडायचा नाही. त्या रात्री चर्चा बंद ठेवायची, कुणाकडे उसनं बियाणं मिळेल ते विचारायचं.

वाखरीच्या अलीकडे सगळं आवरतं घ्यावं. तिथे बाकीच्या पालख्या येऊन मिळतात आणि शेजारच्याचा शब्दही ऐकू येत नाही. राहिलेले प्रश्न वहीत लिहून ठेवायचे, पुढच्या ज्येष्ठात सासवडला ती वही पहिल्यांदा उघडायची.