आधी उंची ठरवा, मग बॅगा मागवा

एकदाची आमची जुनी शेवरले सी-१० पिकप चारही एअर बॅगवर, म्हणजे लोखंडी स्प्रिंगच्या जागी बसणाऱ्या हवेच्या रबरी बॅगांवर, उभी राहिली. गेले तीन आठवडे रोज चालवतेय, म्हणून आता शांतपणे लिहायला बसले. मधल्या काळात बऱ्याच जणांनी विचारलं की नेमकं काय काय केलंस, घरी जमण्यासारखं आहे का. जमतं, नक्की जमतं, फक्त मी ज्या क्रमाने केलं त्या क्रमाने करू नका, कारण मी बॅगा आधी मागवल्या आणि मोजायची टेप नंतर हातात घेतली, आणि या कामात सगळं त्या टेपवरच आहे.

गाडी १९७१ची शेवरले सी-१०, आखूड हौद्याची, ३५० घनइंचाचं व्ही-८ इंजिन. ७१ मुद्दाम शोधली कारण त्या साली या पिकपला पुढे डिस्क ब्रेक आले. आणि सी-१०च का, तर मागच्या सस्पेन्शनसाठी. जुन्या पिकपना मागे सहसा पाटे (लीफ स्प्रिंग) असतात, आणि पाटे नुसतं वजन पेलत नाहीत, मागचा ॲक्सल पुढेमागे सरकू नये, इंजिनच्या जोराने गोल फिरू नये हेही पाट्यांनीच धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे पाटे काढून तिथे बॅग ठेवली की ॲक्सलला धरणारं कुणी उरतच नाही आणि मग दांड्यांचं वेगळं फोर-लिंक बनवत बसावं लागतं. १९६७ ते ७२च्या शेवरले सी-१०ना मागे बहुतेक करून कॉइल स्प्रिंग येते, ॲक्सल धरायला दोन लांबलचक ट्रेलिंग आर्म आणि आडवा सरकू नये म्हणून एक पॅनहार्ड रॉड. म्हणजे स्प्रिंगकडे वजन पेलायचं एवढंच काम. स्प्रिंग गेली आणि तिथे बॅग आली तरी ॲक्सल आपल्या जागी राहतो. जुन्या पिकपमध्ये बॅगा घालायच्या असतील तर मी डोळे झाकून हीच गाडी सुचवेन.

दादाला आधी पटत नव्हतं. तो म्हणाला, "चांगल्या स्प्रिंगा काढून रबराचे फुगे कशाला घालतेस?" मी त्याला सांगितलं की अरे हे कालपरवाचं फॅड नाहीये, कॅडिलॅकने १९५७च्या एल्डोरॅडो ब्रूममध्ये हवेचं सस्पेन्शन दिलं होतं आणि १९५८ला खुद्द शेवरलेने आपल्या कारना लेव्हल एअर नावाने हा पर्याय ठेवला होता. तेव्हा ते फार टिकलं नाही, गळतीचा त्रास होता, आज रबर आणि व्हॉल्व्ह दोन्ही कितीतरी सुधारलेत. पण खरं कारण आई. तिच्या गुडघ्यामुळे तिला या गाडीत चढता येत नव्हतं आणि ही गाडी तिला माझ्याइतकीच आवडते. हे ऐकल्यावर दादाने वेल्डिंगचं मशीन बाहेर काढलं.

बॅगेचं गणित सोपं आहे आणि ते आधी समजून घ्या. बॅग किती वजन उचलणार, तर आतला दाब गुणिले क्षेत्रफळ. समजा ६ इंच व्यास धरला तर क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच, ५० पीएसआय (दर चौरस इंचाला ५० पौंड दाब) भरलं की १४०० पौंडांच्या आसपास, म्हणजे ६४० किलो एका बॅगेवर. पण बॅग चाकाच्या बरोबर वर नसते, पुढे ती चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसते, चाक आर्मच्या टोकाला, त्यामुळे तरफेच्या नियमाने बॅगेवर चाकापेक्षा जास्त भार येतो, त्यात इंजिन पुढे. म्हणून आमच्या गाडीत चालवताना पुढे ८५-९० लागतं आणि रिकाम्या हौद्याला मागे ४५ पुरतं. हौद्यात सामान टाकलं की मागे हवा वाढवायची, गाडी परत त्याच उंचीला येते आणि दाब वाढल्यामुळे बॅगही तेवढीच कडक होते. लोखंडी स्प्रिंगमध्ये हे होत नाही, ती एक तर रिकामी असताना दणके देते किंवा भरल्यावर बसते.

आता उंची. बॅग पूर्ण खाली बसवता येते, पूर्ण वर उचलता येते, म्हणून नवीन माणसाला वाटतं की उंची काय बटणावर आहे, नंतर बघू. तसं नाहीये. गाडी ९९ टक्के वेळ एकाच उंचीवर चालणार आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन), शॉकअपची लांबी, प्रॉपेलर शाफ्टचा कोन, पॅनहार्ड रॉड, सगळं त्या एका उंचीला बरोबर बसलं पाहिजे. माझ्या बॅगा पूर्ण बसल्या की ३ इंचाच्या आत येतात आणि त्यांची सगळ्यात चांगली चाल ५ ते साडेपाच इंचाला आहे. म्हणजे गाडी मला हव्या त्या उंचीवर असताना वरच्या आणि खालच्या ब्रॅकेटमध्ये बरोबर तेवढंच अंतर पडलं पाहिजे. मी बॅगा घेऊन आले, पुढे बसवल्या, आणि पाहते तर हव्या त्या उंचीला बॅग जेमतेम ४ इंच, वळ्या एकमेकींवर चढलेल्या, चालवली असती तर प्रत्येक खड्ड्याला गाडी आपटली असती. सगळं परत सोडलं, खालचं ब्रॅकेट आणखी खाली घेऊन मधलं अंतर वाढवलं, परत जोडलं. यात एक अख्खा रविवार गेला. तुम्ही आधी चाकाच्या मध्यातून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या, आपल्याला किती हवंय ते ठरवा, गाडी स्टँडवर त्या मापाला धरा, आणि स्प्रिंगच्या जागेत किती अंतर उरतं ते बघून मग बॅग निवडा.

पुढची स्प्रिंग काढणं हे यातलं सगळ्यात धोक्याचं काम, इथे घाई नको. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद असते. चासीखाली पक्के स्टँड, खालच्या आर्मखाली जॅक, स्प्रिंगमधून साखळी ओवून चासीला बांधलेली, बॉल जॉइंटचा नट सैल केला पण पूर्ण काढला नाही, नकलवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) हातोड्याचा घाव घालून जॉइंट सुटू दिला आणि मग जॅकने स्प्रिंगचा ताण घेऊन नट काढला. जॅक खाली घेताना मी म्हणत होते, "दादा, जरा अजून," आणि तो म्हणाला, "तू आधी हात बाहेर काढ, मग." माझा हात आर्मवर होता, लक्षातच नव्हतं. स्प्रिंग पूर्ण सैल होऊन बाहेर आली तेव्हा दोघांनी श्वास सोडला.

मागे वेल्डिंग आलं. गाडी खूप खाली घेतली की चासी जमिनीला टेकायच्या आधी ॲक्सल चासीवर आदळतो, म्हणून ॲक्सलच्या बरोबर वर चासीत कमानीसारखा खाचा कापून तिथे जाड पट्टीची कमान बसवावी लागते, याला सी-नॉच म्हणतात. चासी कापायची म्हणजे छातीत धडधड होतेच, पण दोन्ही बाजूंनी आधार देऊन, एका वेळी एकच बाजू कापून ती पूर्ण बंद करून मग दुसरी घेतली तर चासी वाकत नाही. एक गोष्ट विसरू नका, या पिढीच्या सी-१०ची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असते. ग्राइंडर लावायच्या आधी आम्ही ती पूर्ण काढून लांब नेऊन ठेवली, बॅटरी सोडली, आणि बॅगा तर तिथे नव्हत्याच, कारण वेल्डिंगची एक ठिणगी रबराला भोक पाडायला पुरते.

गाडी खाली आली तशी पॅनहार्ड रॉड तिरपी झाली आणि तिने ॲक्सल एका बाजूला ओढला, डावं चाक मडगार्डपासून पाऊण इंच बाहेर दिसायला लागलं. मूळ रॉड आखूड आहे त्यामुळे हे होतंच. लांबी कमीजास्त करता येणारी, जास्त लांब रॉड घातली, आणि ती ठरवलेल्या उंचीला जवळजवळ आडवी राहील अशी जोडली. परत तेच, उंची. डिफरन्शियलचा कोनही त्याच उंचीला मोजून पाचर घातली, नाहीतर प्रॉपेलर शाफ्ट वेगात थरथरतो. शॉकअप नवीन, आखूड घेतले. कृपा करून शॉकअप गाळू नका, बॅग स्वतः हेलकावे जवळजवळ थांबवतच नाही, शॉकअप नसेल तर गाडी होडीसारखी डुलते. शिवाय गाडी पूर्ण वर उचलली तर बॅग ताणून फाटू नये म्हणून शॉकअपच तिला अडवतो. पुढे बॅग स्प्रिंगपेक्षा जाड असल्याने शॉकअपला घासत होती, तो वेगळं ब्रॅकेट लावून बाजूला सरकवला.

घासण्याचं अजून सांगते कारण यात मी थोडक्यात वाचले. सगळं जोडून झाल्यावर मी बॅगेभोवती बोट फिरवून बघितलं होतं, सगळीकडे बोटभर जागा. पण तेव्हा बॅगेत हवा नव्हती. दाब असताना गाडी खाली दबली की बॅग आडवी फुगते, आणि आठवडाभराने मागच्या उजव्या बॅगेवर हात फिरवला तर एका ठिकाणी रबर गुळगुळीत लागलं. टॉर्च मारला, नखाएवढा चकचकीत डाग, आणि त्याच्या बरोबर समोर ब्रॅकेटच्या बोल्टचं नटाबाहेर आलेलं टोक. रबराच्या आतले दोरे अजून दिसत नव्हते, दिसले असते तर बॅग बदलण्यावाचून पर्याय नव्हता. बोल्ट उलटा घातला, डोकं बॅगेकडे आणि नट बाहेर. मग हवा भरून पूर्ण खाली, मध्ये, पूर्ण वर, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून चारही बॅगा परत तपासल्या, तेव्हा पुढच्या ब्रेकची नळी पूर्ण वर असताना ताणली जातेय हेही सापडलं आणि लांब नळी घातली. हे सगळं करताना चासीखाली स्टँड होतेच, नुसत्या बॅगवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, एक फिटिंग सुटलं की गाडी क्षणात खाली येते.

हवेच्या बाजूला ५ गॅलनची टाकी, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, ११० पीएसआयला चालू आणि १४५ला बंद होणारा प्रेशर स्विच. कॉम्प्रेसरची करंट जास्त असते, ती स्विचमधून न नेता रिलेमधून न्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. कॉम्प्रेसर घेताना ड्यूटी सायकल बघा, ३३ टक्के म्हणजे अर्ध्या तासात १० मिनिटं चालवायचा, बाकी वेळ थंड होऊ द्यायचा. त्याच्या तोंडाशी येणारी जाळीची नळी कापून साधी प्लास्टिकची लावू नका, तिथली हवा भाजेल इतकी गरम असते. चारही बॅगांना वेगळी लाइन आणि वेगळा व्हॉल्व्ह, यात काटकसर नको, कारण डावी-उजवी एकाच नळीला जोडली तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी अजूनच कलते.

आणि गळती. पहिल्या आठवड्यात पुढचा डावा कोपरा रात्रीतून २ इंच बसायचा. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं, मोठा बुडबुडा कुठेच नाही, मग कान लावून, टॉर्च धरून बसले तर एका फिटिंगच्या कडेला मोहरीएवढ्या फेसाचं वर्तुळ हळूहळू वाढत होतं. नळी ओढून काढली, टोक तिरकं. ती एक नळी मी घाईत पक्कडीने कापली होती, बाकीच्या नळी कापायच्या कटरने. सरळ कापून परत खुपसली, काम झालं. आट्यांच्या जोडांना टेफ्लॉन टेप नको, पातळ सीलंट लावा, टेपचा तुकडा व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकला की व्हॉल्व्ह बंदच होत नाही. हवेच्या टाकीच्या तळाचा नळ अधूनमधून उघडायची सवय लावा, पाणी निघतं.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, आणि करणाऱ्याला सांगा की गाडी याच दाबाला, याच मापाला उभी ठेवून कर. मी चारही मडगार्डांची मापं एका पट्टीवर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवलीयत, सकाळी गाडी उचलली की एकदा टेप लावते, तीन आठवड्यांत फरक पडलेला नाही.

परवा आईला बाहेर आणलं, गाडी पूर्ण खाली बसवली, दार उघडलं. ती हात न धरता बसली, खिडकीची काच खाली केली आणि म्हणाली, "आता उचल." मी बटण दाबलं, पुढची बाजू आधी वर आली, मग मागची, आणि ती दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून हसत राहिली. हौद्याच्या लाकडी फळ्या अजून भिंतीला टेकवून ठेवल्यात, नॉचच्या वरच्या दोन कापाव्या लागणार आहेत, त्या दादा आला की रविवारी.