कवितेचा नुसता अर्थ नको

इंग्लंडात वाढणाऱ्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकावं लागत नाही, ते आपसूक येतं, असं तिकडे भारतात बऱ्याच जणांना वाटतं. त्यांनी मे महिन्यात इथल्या इयर सिक्सच्या, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या पोरांना भेटावं. प्राथमिक शाळा संपताना 'सॅट्स' नावाच्या देशभरच्या परीक्षा असतात. त्यात व्याकरणाचा 45 मिनिटांचा, 50 गुणांचा वेगळा पेपर, शिवाय 20 शब्दांचं स्पेलिंग. माझा धाकटा सध्या 'मोडल व्हर्ब' (शक्यता वगैरे दाखवणारी माइट, कुडसारखी क्रियापदं) आणि 'फ्रंटेड ॲडव्हर्बियल' (वाक्याच्या सुरुवातीलाच येणारं क्रियाविशेषण) जेवताना पण सोडत नाही. इथल्या अनेक आईबापांना शाळेत हे कुणी शिकवलंच नव्हतं, त्यामुळे तेही कपाळाला हात लावतात. आपण मराठी शाळेतले मात्र इथे भाव खाऊन जातो. पॅसिव्ह व्हॉइस? आण इकडे!

खरी कसोटी थोरलीच्या जीसीएसईची, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेची. एक्यूए बोर्डाच्या 'पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट' या गटात 15 कविता आहेत. पेपरात एक छापून येते. तिची तुलना ज्या दुसरीशी करायची, ती पुस्तकाशिवाय, आठवणीतून. वर कधीच न वाचलेली कविता असते ती वेगळीच. आपल्याकडे 'कवी म्हणतात की' असं सुरू केलं की निम्मे मार्क घरात. इथे नुसता अर्थ लिहिला तर उत्तर खालच्या पायरीवरच अडकतं. कवीने ते सांगितलं कसं, हे हवं असतं.

मग मुलं 'एन्जाँबमेंट आहे' (ओळ संपली तरी वाक्य न थांबता पुढच्या ओळीत जातं, ते) लिहून मोकळी होतात. आपलं 'येथे अनुप्रास साधला आहे' होतं, त्याचीच ही सख्खी बहीण.

त्याच गटातली, इंग्रज कवी शेलीची 1818 सालची 'ओझिमँडियस' घ्या. वाळवंटातला मोडका पुतळा, खाली कोरलेली राजाची बढाई. 'सत्ता टिकत नाही' हे सगळेच लिहितात. मला त्यात आपलं शाळेतलं डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच दिसतं. कवीला एक प्रवासी भेटतो, पुढचं सगळं त्या प्रवाशाच्या तोंडचं, आणि त्याच्या बोलण्यात चौथऱ्यावरचं राजाचं वाक्य. माझी कामगिरी बघा आणि हताश व्हा, असा आज्ञार्थ सोडणारा हा सम्राट आपल्यापर्यंत पोचतो तो निव्वळ ऐकीव! आणि त्या हुकुमानंतर लगेच येतं तीन शब्दांचं वाक्य : बाकी काहीच उरलेलं नाही.

दहाव्या वर्षी घोकलेलं व्याकरण पंधराव्या वर्षी कवितेपर्यंत पोचत नाही, ही माझी इथल्या अभ्यासक्रमाबद्दलची तक्रार. सॅट्स झाल्या की ती नावं पोरं विसरून जातात.

थोरलीला ओझिमँडियसशेजारी 'टिश्यू' ठेवायची होती. ही इम्तियाज धारकरांची कविता. लाहोरला जन्मलेल्या, ग्लासगोत वाढलेल्या आणि मुंबईतही राहिलेल्या. एकीकडे दगड, दुसरीकडे उजेड आरपार जाऊ देणारा पातळ कागद, इथवर तिचं तिने जुळवलं होतं. 'इमारती कागदाच्या असत्या तर' ही ओळ ती मोठ्याने वाचत होती. त्यातला 'माइट' आणि पुढचा 'कुड' ऐकून धाकटा ओरडला, "मोडल व्हर्ब!" राजा हुकूम सोडतो आणि ही कविता नुसती शक्यता मांडते, हा मुद्दा थोरलीने त्यावरून पकडला. धाकट्याला श्रेय द्यायला मात्र ती अजून तयार नाही.