साल्टस्ट्राउमेन, तिसरा उन्हाळा: पिल्क कमी गेले

आधी हिशेब. मागच्या दोन उन्हाळ्यांत मिळून सतरा पिल्क (गळाला लावायची माशाच्या आकाराची जड धातूची आमिषं) तळाला गेले आणि मासे आले पाच. यंदा जूनच्या चार फेऱ्यांत पिल्क तीन गेले, मासे अकरा. हाताला काही नवं वळण लागलेलं नाही, फक्त पाण्याची वेळ कळायला लागली.

जागा नवी असणाऱ्यांसाठी: नॉर्वेतल्या बोडोपासून तीसेक किलोमीटरवर, जेमतेम 150 मीटर रुंदीची चिंचोळी वाट. दर सहा तासांनी सुमारे 40 कोटी घनमीटर पाणी इथून फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीत, शिरतं किंवा बाहेर पडतं. गळाला लागलेल्या सेई माशाचा 22.7 किलोंचा जागतिक विक्रम इथलाच, 1995 चा. माझा मोठ्यात मोठा तीन किलोंचा. असो.

माझी चूक अशी की दोन वर्षं मी बोडोची भरती-ओहोटी बघून निघायचो. इथला प्रवाह त्या वेळी फिरत नाही. बाहेर भरती संपली तरी आत पाणी कमीच असतं, त्यामुळे ओढ चालूच राहते. प्रवाहाचं वेगळं वेळापत्रक निघतं, ते बघायचं. पाणी थबकायच्या अर्धा तास आधी खडकावर हजर, आणि परत जोर धरला की गळ आवरायचा. भर प्रवाहात 100 ग्रॅमचा पिल्कसुद्धा आडवा वाहत जातो आणि खडकात अडकतो.

दुसरी गोष्ट मालवणची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग (भरती-ओहोटीचा चढउतार कमी असतो ती वेळ), हे आजोबांबरोबर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाताना कानावर पडलेलं. चंद्र इथेही तोच. भांगाला प्रवाह मऊ असतो आणि थबकलेलं पाणी जास्त वेळ टिकतं. जूनमध्ये इथे रात्रच होत नाही, चंद्र दिसला तरी पुसट, म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयात अष्टमी बघतो. शेजारी गरवणाऱ्या नॉर्वेजियन आजोबांना ते दाखवलं, तर त्यांनी पान उलटून मागची पाककृती कसली ते विचारलं.

तिसरा बदल छोटा: तीन काट्यांची गरी काढून एकेरी लावली. शेवाळात कमी अडकते, लहान मासा सोडताना त्याचं तोंडही फाटत नाही. कॉड 44 सेंटीमीटरच्या आतला निघाला की सोडावाच लागतो, आणि माझ्या गळाला नेमके 41 चेच येतात.

परवाची सेई 71 सेंटीमीटर भरली. कल्ल्याखाली सुरी फिरवून बादलीतल्या समुद्राच्या पाण्यात धरली. पाणी लाल झालं, बदललं, परत लाल झालं. दहा मिनिटांनी मांस पांढरं स्वच्छ. मागच्या वर्षी हे केलं नव्हतं, आणि कालवणाला वास आला तो मी तिरफळांवर ढकलला होता.

पुढची अष्टमी मंगळवारी आहे. पाणी पहाटे पावणेचारला थबकतं.