टिपरच्या डायनामोपासून ईसीयूच्या नॉबपर्यंत : आमची वाटचाल

आमचं दुकान गोव्यात, उसगाव तिस्कला. बाबांच्या काळात काम म्हणजे एकच, खनिजाच्या टिपरांचे सेल्फ आणि डायनामो बांधणे, आणि टिपर एवढे असायचे की दुसरं काही शिकायला वेळच नव्हता. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या आणि रस्त्यावरची लाल धूळ गेली तसं आमचं गिऱ्हाईकपण गेलं. मध्ये थोडं परत चालू झालं तोवर २०१८ च्या मार्चात सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पुन्हा बंद. तेव्हा बाबांना म्हटलं, आता टिपरची वाट बघत बसायचं नाय, पेट्रोल गाड्यांचे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारे कॉम्प्युटर, रिपेअर करूया.

ईसीयू टेबलावर चालवायचा तर त्याला खोटं इंजिन दाखवावं लागतं. त्यासाठी मी एक डबा बनवला, त्यावर नॉब, प्रत्येक नॉबमागे एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवला की रेझिस्टन्स बदलणारा पॉट. एक थ्रॉटलचा, एक मॅपचा (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचा सेन्सर), एक कूलंटचा (इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाचा). थ्रॉटल सेन्सर जुन्या गाड्यांत मुळातच पोटेन्शिओमीटर असतो, तिथे सोपं: दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधला पाय ईसीयूला. कूलंटला मात्र दोनच पाय वापरायचे, कारण तो नुसता रेझिस्टन्स. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरमध्ये २० डिग्रीला अडीच के (अडीच हजार ओम) असतो आणि ८० डिग्रीला सव्वातीनशे ओमच्या आसपास. नॉब हळूहळू फिरवत खाली आणला की एका जागी फॅनचा रिले टक करून वाजतो. बाबा ते बघायला हातातलं आर्मेचर खाली ठेवून यायचे.

हाच डबा बघून एक ऑफरोडवाला म्हणाला, असला एक नॉब माझ्या जीपमध्ये बसव, मला चालवता चालवता बूस्ट (टर्बो इंजिनात हवा किती दाबतो ते) कमी-जास्त करायचाय. त्याच्या जीपमध्ये दुसरं टर्बो इंजिन आणि स्टँडअलोन ईसीयू (कंपनीचा नाय, वेगळा बसवलेला) होता, त्यात जादा अ‍ॅनालॉग इनपुट, म्हणजे व्होल्ट वाचणारी जागा, मोकळं होतं. इथून आमचा आत्ताचा धंदा चालू झाला.

एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून धरून आहे. नॉब ईसीयूला सांगण्यासाठी लावायचा, फसवण्यासाठी नाय. बाजारात कूलंटच्या वायरमध्ये रेझिस्टर घालून देणारे खूप आहेत, ईसीयूला इंजिन थंड वाटतं, तो पेट्रोल जास्त ओततो आणि मालकाला पिकअप वाढल्यासारखा वाटतो. तशी एक गाडी आमच्याकडे आली तेव्हा प्लग काजळीने काळेभोर झालेले आणि फॅन वेळेवर लागत नव्हता, कारण फॅनपण त्याच आकड्यावर चालतो ना! वेगळं इनपुट घेतलं तर ईसीयूला खरं तापमानही कळतं आणि तुमची मागणीही कळते, मग किती ऐकायचं ते त्याच्या आतल्या आकड्यांच्या टेबलमध्ये आपण लिहायचं. बूस्ट, लाँचचा आरपीएम (उभ्या गाडीतून सुटताना इंजिन किती फिरू द्यायचं), ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरणं रोखणारा) किती कडक, सगळं असंच.

वायरिंगमध्ये लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात ग्राउंडला. नॉबचा ग्राउंड ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच जायला पाहिजे, बॉडीला नाय. फॅन, हेडलाईट लागले की बॉडी ग्राउंडवर ०.१ व्होल्ट इकडेतिकडे सहज होतो, आणि ५ व्होल्टवर ०.१ म्हणजे २ टक्के. लाँच २५०० ते ६५०० मध्ये फिरत असेल तर नॉबला हात न लावता ८० आरपीएम सरकले. ५ व्होल्टही ईसीयूचाच घ्यायचा, म्हणजे तो थोडा हलला तरी नॉब आणि ईसीयूचं माप दोन्ही एकत्र हलतात.

आमच्या युनिटमध्ये १० के लिनियर (सारखा वाढत जाणारा) पॉट आणि दोन्ही टोकांना १-१ के रेझिस्टर. त्यामुळे नॉब कुठेही असो, मधला पाय साधारण ०.४ ते ४.६ व्होल्टच्या मध्येच राहतो, त्याच्या बाहेर काही आलं तर वायर तुटलीय किंवा शॉर्ट झालीय, ईसीयूने सरळ कमी बूस्टवर जायचं. मधल्या पायावरून ग्राउंडला ४७० के चा रेझिस्टर. गिऱ्हाईकं विचारतात १०० के का नाय, सगळे तोच लावतात. १०० के लावून नॉब खाली ठेवा आणि ग्राउंडची वायर काढा, मीटरवर ४.५ दिसेल, म्हणजे तुम्ही मिनिमम ठेवलाय आणि ईसीयूला वाटतंय फुल मागितलाय! ४७० के वर तोच आकडा ४.८८ येतो, रेंजच्या बाहेर, लगेच पकडला जातो. फक्त ईसीयूच्या आत त्या इनपुटला पुलअप (५ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) असेल तर हा हिशेब बदलतो, म्हणून ऑर्डर घेताना मी मॉडेल विचारतो, राग मानू नका.

पॉट घेताना बी लिहिलेला बघा, तो लिनियर. ए म्हणजे लॉग, ऑडिओच्या व्हॉल्यूमचा, तो अर्ध्यापर्यंत झोपलेला असतो आणि नंतर एकदम उठतो. जुन्या मालावर अक्षरांचा भरवसा नाय, नॉब मध्यावर ठेवून मीटर लावा, साधारण ५ के आला पाहिजे. आणि आपल्याकडच्या पावसात उघडा कार्बन ट्रॅक टिकत नाय, एका पावसाळ्यात खरखर चालू होते, म्हणून आम्ही सील केलेला कंडक्टिव्ह प्लास्टिकचाच वापरतो, महाग पडला तरी. नुसते मॅप (ईसीयूतले तयार सेटिंगचे संच, वरचा सेन्सर नाय) बदलायचे असतील तर पॉट नकोच, रोटरी स्विच आणि फिक्स रेझिस्टर घ्या, खड्ड्यात हात लागून सरकायची भीती नाय.

रस्त्यावरच्या बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीला आम्ही हे लावत नाय. तिथे जादा इनपुट मोकळं नसतं, मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत फेरफार करण्यावर बंधन) आहे, आणि एक्सिलरेटर पेडलमध्ये तर दोन वेगळे सिग्नल एकमेकांशी ताडून बघतात, त्यात बोट घालायचं काम आमचं नाय.

बाबा अजून सकाळी येतात, सेल्फ बांधतात. आता मुलीच्या डोक्यात नॉब कॅनवर (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणारी डेटा लाईन) चालवायचं आहे, म्हणजे ईसीयूपर्यंत दोनच वायर आणि पाहिजे तेवढे नॉब. पहिला बोर्ड टेबलावर चालतोय, जीपमध्ये घालून बघायचं ते चतुर्थीनंतर.