ग्वाल्हेरच्या लग्नात एक हौशी डीजे

युनेस्कोने २०२३ साली ग्वाल्हेरला संगीतनगरीचा मान दिला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ऐन लग्नसराईत, संध्याकाळी तिथल्या लष्कर भागात पायी फिरलं की हा मान नक्की कुठल्या संगीताला, असा खवचट प्रश्न मनात येतोच. एकाच रस्त्यावर मागेपुढे वराती. प्रत्येकीपुढे डीजेची गाडी, त्यावर माणसाहून उंच स्पीकरची भिंत, मागे जनरेटरची फटफट. सगळ्या गाड्यांवर तीच गाणी, तोच ठोका, मध्ये चढत जाणारा तोच कर्कश आवाज, मग क्षणभर शांतता आणि धाडकन ड्रॉप. एका वरातीतला नवरदेव चुकून दुसरीत शिरला असता, तर फरक फक्त घोडीला कळला असता. लॅपटॉप घेऊन डीजे झालेल्या हौशी पोरांनीच या संगीताचं पाणी केलं, असं हल्ली बऱ्याचदा ऐकू येतं.

मी गेलो होतो आतेभावाच्या मुलीच्या लग्नाला. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने निघालो आणि दुसऱ्या दिवशी कुडकुडत उतरलो. आत्याच्या घरी पोचलो तर लग्नापेक्षा मोठा वाद पेटलेला. नवरीचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा पुतण्या, शिकता शिकता डीजे झालाय. लॅपटॉप, गाणी मिसळायचा सेकंडहॅण्ड कंट्रोलर आणि कानाला चिकटलेला हेडफोन. संगीताच्या रात्री मीच वाजवणार, हा त्याचा हट्ट. आतोबा तरुणपणी ग्वाल्हेर घराण्याचं गाणं शिकलेले. त्यांचं म्हणणं एकच: "दुसऱ्याचं गाणं लावायचं आणि हात वर करून नाचायचं. यात ह्याचं स्वतःचं काय?"

"होऊ दे की त्याच्या मनासारखं," आत्या म्हणाली. "बाहेरचा आणला तर तो पैसे घेऊन तेच करणार आहे." मला आत्याचा मुद्दा जास्त पटला.

किल्ला पाहिला. सासबहू मंदिरं पाहिली, चतुर्भुज मंदिरातल्या नवव्या शतकातल्या शिलालेखातलं शून्य पाहिलं. त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. मला सांगायचंय ते हजिऱ्याला गेलो तेव्हाचं. आतोबा, पुतण्या आणि मी, एका ई-रिक्षात दाटीवाटीने. सूफी संत मुहम्मद घौस यांच्या भव्य, जाळीदार मकबऱ्याच्या आवारात तानसेनाची छोटी, साधी समाधी आहे. जवळ चिंचेचं झाड. त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी गवयांची जुनी श्रद्धा. पुतण्याने पाला तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "माझ्या कामाला हा उपयोगाचा नाही, आजोबा. मी गातच नाही."

तिथल्या हिरवळीवर बसून आतोबांनी हद्दू-हस्सू खाँ या गवई भावांची गोष्ट सांगितली. ऐकलेली असली तरी त्यांच्या तोंडून ऐकायला मजा येते. शिंद्यांच्या दरबारात बडे मुहम्मद खाँ नावाचे जबरदस्त तानेचे गवई होते. ते आपली विद्या कुणाला देईनात. तेव्हा महाराजांनी या दोघा भावांना पडद्याआड बसवून खाँसाहेबांचं गाणं ऐकवलं, असं सांगतात. कित्येक महिने ते ऐकत राहिले, घोकत राहिले, आणि एक दिवस भर दरबारात त्याच ताना त्यांच्याच समोर गायले. पुढे याच भावांची गायकी वासुदेवबुवा जोश्यांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आली आणि महाराष्ट्रात पसरली. गाण्याच्या शाळा काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर हे बाळकृष्णबुवांचे शिष्य. म्हणजे आपल्याकडे गाण्याच्या क्लासात मुलं जे शिकतात, त्यातलं बरंचसं त्या पडद्याआडून आलेलं.

पुतण्या एकदम ताठ बसला. "म्हणजे आजोबा, त्यांनी सॅम्पलिंगच केलं की! दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा उचलून आपल्यात बसवायचा!"

मला हसू आवरेना. आतोबांना आवरलं. "त्यांनी महिनोन्महिने उचललं आणि मग गळ्यात मुरवलं. तू सकाळी उचलतोस आणि संध्याकाळी वाजवतोस."

हे खरं होतं. पण अर्धंच, असं मला परतताना वाटत राहिलं. इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताची पाळंमुळं बघितली तर तिथे हौशी मंडळीच दिसतात. जपानी रोलँड कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाचं छोटं यंत्र काढलं. एकटा बसून सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी, एवढाच त्याचा हेतू. ते फसलं आणि १९८४ मध्ये बंद पडलं. मग सेकंडहॅण्ड बाजारात स्वस्तात मिळू लागलं. शिकागोतल्या फ्यूचर नावाच्या त्रिकूटाने त्याचे नॉब वाजता वाजता वाटेल तसे पिळले आणि १९८७ मध्ये त्यांच्या 'ॲसिड ट्रॅक्स'मधून ॲसिड हाउस हा नाचसंगीताचा प्रकारच उभा राहिला. तेच यंत्र वापरून मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच राग वाजवून रेकॉर्ड काढली होती. सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे हे गृहस्थ. रेकॉर्ड तेव्हा कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं.

आणि वरातीतली ती नागीणधून! रुमाल तोंडात धरून काका लोक जमिनीवर लोळतात ती. १९५४ च्या 'नागिन'मधली बीन ही बीन नव्हतीच. कल्याणजींनी क्लेव्हिओलिन नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर ती काढली होती. आज जिला आपण सगळ्यात गुळगुळीत धून म्हणतो, ती तेव्हा कुणी न ऐकलेला आवाज होती.

म्हणून हौशी पोरांनी या संगीताचं पाणी केलं, हे मला मान्य नाही. टेक्निक्सच्या टर्नटेबलवर दोन तबकड्यांचा वेग कानाने जुळवायला पूर्वी खूप सराव लागायचा. आता सिंकचं बटण दाबलं की झालं. त्यामुळे सुमार डीजे वाढले, हे खरं. पण सुमार वाजवणं आधीही होतंच, ते फक्त घरापुरतं राहायचं. माझा राग आहे तयार सॅम्पल पॅकवर, म्हणजे आयत्या आवाजांच्या संचांवर. तोच ड्रमचा दणका, तोच टाळीचा आवाज, विकत घ्या आणि ओळीने मांडा. आणि त्याहून जास्त राग आहे, दुसऱ्याकडून गुपचूप ट्रॅक बनवून घेऊन स्वतःचं नाव लावणाऱ्या बड्या डीजेंवर. ते काही हौशी नाहीत.

संगीताच्या रात्री पुतण्याने सुरुवातीलाच एक वेगळी गोष्ट लावली. गल्लीतून गेलेल्या एका बॅण्डचा ढोल आणि तुतारी त्याने फोनवर टिपली होती आणि ती हाउस संगीताच्या ठोक्यावर बसवली होती. आता गंमत अशी की सॉफ्टवेअर गाण्यावर ठोक्यांची सरळ जाळी आखतं, आणि बॅण्डचा ढोलवाला रंगात आला की पळतो. सिंक चालेना. पठ्ठ्या एका हाताने वेगाची पट्टी खालीवर करत ढोलाच्या मागे धावत होता, थंडीत कपाळावर घाम. एकदोनदा ठोके एकमेकांवर आपटले, मग जमलं. तुतारी आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

नाचायला मात्र कुणी उठलं नाही. दोन मिनिटांत मावश्यांकडून फर्माईश आली, मागून मित्रांची आरोळी आली, आणि त्याने निमूट नेहमीची गाणी लावली. मैदान भरलं. मीही नाचलो, नागीणधुनीवर तर जरा जास्तच. वेगळं का वाजवत नाहीत, असं डीजेला विचारणाऱ्यांत मीही असतो. त्या रात्री फर्माईश थांबवायला मात्र मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, पंगती उठल्या. दुपारी आतोबा त्याच्या खोलीत गेले, मी मागोमाग. "ती पहिली चीज लाव पुन्हा," ते म्हणाले. डोळे मिटून पूर्ण ऐकली.

"मध्ये घाई केलीस."

"आजोबा, तिथे ढोलवालाच घाई करतो."

"करू दे ना. तू तुझी लय कशाला सोडलीस? त्याला पळू दे, समेवर, पहिल्या मात्रेवर, गाठ."

पुतण्याने फाइल उघडली आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "सम कुठे धरायची ते दाखवा." आतोबा मांडीवर टाळी देऊ लागले. मग दोघांचं भांडण पुन्हा जुंपलं, या वेळी आठ मात्रांवरून.