रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आणि आम्ही : आमची वाटचाल

2005 च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांमध्ये शिरले, आणि ते ओसरल्यावर गोदामांतून व गॅरेजांतून बाहेर काढलेल्या हायड्रॉलिक जॅकांच्या आणि पॉवरपॅकच्या (मोटर, पंप आणि तेलाची टाकी यांच्या संचाच्या) टाक्यांत तेलाऐवजी ताकासारखा पांढरट द्रव निघू लागला. पाणी मिसळलेले तेल तसेच दिसते. आमच्या व्यवसायाची सुरुवात त्या ताकापासून झाली. मी तेव्हा पलूसकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे काम करीत होतो आणि धाकटा भाऊ आयटीआय करून घरी बसला होता. कुपवाड औद्योगिक वसाहतीत निम्मा गाळा भाड्याने घेऊन आम्ही टाक्या धुणे, सील बदलणे आणि गंजलेले व्हॉल्व्ह घासून पुन्हा बसवणे एवढेच करीत असू.

सिझर लिफ्टचे, म्हणजे कात्रीसारख्या भुजांवर वर-खाली होणाऱ्या प्लॅटफॉर्मचे, काम पुढे बेदाण्यामुळे आले. तासगाव भागात शीतगृहे वाढत गेली, तशी ट्रकच्या हौद्याच्या उंचीवर माल चढवण्या-उतरवण्यासाठी खड्ड्यात बसवलेल्या लिफ्टची मागणी वाढली आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी आम्हाला बोलावणे येऊ लागले. पहिल्या वर्षात बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकू येई : ‘‘दादा, लोड घेत नाही हो, तेवढं प्रेशर वाढवून द्या की.’’ रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे ठरलेल्या प्रेशरच्या वर गेलेले तेल टाकीत परत सोडणारी झडप; ते प्रेशर तिच्या स्क्रूने ठरते. स्क्रू जागेवर धरणारा लॉकनट सैल करून तो अर्धा-पाऊण फेरा आवळला की लिफ्ट उठत असे, गिऱ्हाईक खूश होत असे आणि आम्ही पैसे घेऊन परत येत असू. प्रेशर मोजणारे गेज लावण्याची गरज आम्हाला तेव्हा वाटली नाही, हे आज लिहिताना संकोच वाटतो.

त्यातल्याच एका शीतगृहातील दोन टनी लिफ्टचा स्क्रू मी स्वतः पूर्ण एक फेरा आवळला होता. तीन महिन्यांनी दिवाणजींचा फोन आला, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा प्लॅटफॉर्म एका अंगाला कलून अडकलेला होता, खालच्या बाजूची एक भुजा वाकली होती आणि पिन बुशमधून अर्धी बाहेर आली होती. सुदैवाने त्या वेळी जवळ कोणी नव्हते. लिफ्ट उघडल्यावर कारण स्पष्ट झाले. रुळावर सरकणारा एक रोलर जाम झाल्यामुळे लिफ्ट उठवायला जास्त जोर लागत होता, आणि वर हमाल मंडळी पंधरा किलोच्या 160 पेट्या एका खेपेला चढवीत होती, म्हणजे 2,400 किलो, त्यात ट्रॉलीचे वजन वेगळेच. मी येण्यापूर्वी लिफ्ट उठत नव्हती, ते व्हॉल्व्ह आपले काम चोख करीत होता म्हणून. तो खरे बोलत होता, मीच त्याचे तोंड दाबले. दुरुस्तीचा सगळा खर्च आम्ही सोसला, आणि त्यानंतरच्या पहिल्या कमाईतून 250 बारपर्यंत (बार हे प्रेशरचे माप) दाखवणारे ग्लिसरीन भरलेले गेज विकत घेतले.

ज्यांचा या यंत्राशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. लिफ्ट पूर्ण खाली असताना कात्रीच्या भुजा जवळजवळ आडव्या असतात, त्यामुळे पहिल्या काही इंचांत सिलिंडरला भाराच्या कित्येक पट जोर लावावा लागतो आणि लिफ्ट जसजशी वर जाते तसतसा तो जोर कमी होतो. आमच्या हातून गेलेल्या एका दोन टनी लिफ्टवर पूर्ण भार असताना गेज खाली 140 बार दाखवीत होते आणि वर पोहोचेपर्यंत काटा निम्म्याच्याही खाली आला होता. म्हणून अर्ध्या उंचीवर थांबवून घेतलेल्या वाचनाला काही अर्थ नसतो. प्रेशर तपासायचे तर लिफ्ट तळापासून, मोजलेल्या भारासह उचलावी लागते. 80 मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरमध्ये 150 बार म्हणजे साडेसात टनांहून अधिक जोर होतो, हे मी नव्या मुलांना कागदावर आकडेमोड करून दाखवतो, कारण आपल्याकडे ‘दीडशे किलो प्रेशर’ (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलो) असे म्हणण्याची पद्धत आहे आणि त्यातला ‘किलो’ ऐकून आकडा उगाच लहान वाटतो.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. प्रथम टाकीतील तेलाची पातळी व रंग, सक्शनचा स्ट्रेनर (पंप तेल ओढतो तिथली गाळणी), रोलर, पिना आणि मोटरची फिरण्याची दिशा पाहायची, आणि या सगळ्यात दोष नसेल तरच स्क्रूला हात लावायचा. स्क्रू आधी उलटा फिरवून प्रेशर उतरवायचे, मग पाव-पाव फेरा आवळत जाऊन क्षमतेइतका भार तळापासून जेमतेम उठेल तिथे थांबायचे, आणि त्यावर साधारण दहा टक्के ठेवून लॉकनट घट्ट करायचा. शेवटी सिलिंडरकडे जाणारा कॉक बंद करून दोन-तीन सेकंदच पंप चालवला की रिलीफ नेमका कितीवर उघडतो ते गेजवर दिसते. त्याहून जास्त वेळ चालवल्यास तेल तापते. प्लॅटफॉर्मखाली जाण्यापूर्वी लोखंडी आधार लावल्याशिवाय कोणी वाकायचे नाही, आणि होजची (तेलाच्या रबरी नळीची) गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून पाहायची. बारीक छिद्रातून येणारे तेल कातडीतून आत शिरते.

2019 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा महापूर आला आणि पुन्हा ताक निघाले. या वेळी मात्र एका गोदामात वेगळाच प्रकार दिसला. पाणी ओसरल्यावर वायरमनने मोटरची जोडणी केली, तेव्हा दोन फेज अदलाबदल झाल्या आणि मोटर उलटी फिरू लागली. प्रेशर येत नाही म्हणून कोणीतरी रिलीफचा स्क्रू आवळत आवळत शेवटपर्यंत नेला होता. आम्ही फेज बदलून मोटर सरळ फिरवली असती, तर त्याच क्षणी लिफ्टला कसलीही मर्यादा उरली नसती. भावाने आधी स्क्रू पूर्ण सैल केला आणि मगच मोटरला हात लावला; मला हे सांगावे लागले नाही, याचे त्या दिवशी समाधान वाटले.

आज आमच्याकडे सहा माणसे आहेत आणि पॉवरपॅक आम्ही स्वतः बांधून देतो. प्रत्येक लिफ्टचे आधीचे आणि नंतरचे प्रेशर वहीत लिहितो, लॉकनटवर लाल रंगाची रेघ ओढतो आणि ती तुटलेली आढळली तर दुरुस्तीची हमी देत नाही. स्क्रू फिरवायचे एवढे पैसे कसले, असे अजूनही ऐकावे लागते, आणि त्यावर वाद न घालता मी वही पुढे करतो.

ज्या शीतगृहात माझ्या हातून भुजा वाकली, त्यांनी गेल्या वर्षी दुसरी लिफ्टही आमच्याचकडून घेतली. तिच्या पाटीवर ‘2000 किलो’ लिहिले होते. ते खोडून दिवाणजींनी मोठ्या अक्षरांत ‘120 पेट्या’ असे रंगवून घेतले.