लिनक्स कर्नेल बिल्ड करून क्यूएमूत चालवायचं तर हाताशी काय हवं

स्वतःच्या लॅपटॉपवर बिल्ड केलेलं कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, पहिल्याच फटक्यात त्याच लॅपटॉपवर बूट करायला जाऊ नका. आधी क्यूएमूत, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या खोट्या मशीनवर, चालवा. कर्नेल पडलं तर टर्मिनलची एक खिडकी बंद होते, बाकी सगळं जागच्या जागी राहतं. शिवाय मरताना कर्नेलने काय म्हटलं ते पडद्यावर शिल्लक असतं. ते कॉपी करता येतं, शोधता येतं. खऱ्या मशीनवर हाच मजकूर काळ्या पडद्यावर अर्धामुर्धा दिसतो आणि मोबाईलने फोटो काढत बसावं लागतं.

सोर्स कुठे ठेवायचा, हे सगळ्यात आधी ठरवा. विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलवर (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) काम करणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. सोर्स सी ड्राइव्हवर उघडला तर तो अर्धवट उघडतो. कर्नेलच्या झाडात (सोर्सच्या फोल्डरांत) नेटफिल्टर या नेटवर्कच्या भागातल्या काही हेडर फाइलींची नावं फक्त कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांनी वेगळी आहेत, आणि विंडोज अशा दोन फाइली एकच समजतं. ‘नूव्हो’ या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये ‘ऑक्स डॉट सी’ नावाची फाइल आहे; ‘ऑक्स’ हे नाव विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलंय. मॅकची नेहमीची फाइलसिस्टीमही कॅपिटल-स्मॉल भेद मानत नाही. म्हणून सोर्स लिनक्सच्या होम डिरेक्टरीतच ठेवा, आणि वाटेतल्या कुठल्याही फोल्डरच्या नावात स्पेस किंवा कोलन नको. तसं असेल तर ‘मेक’ ही बिल्ड करणारी कमांड सुरुवातीलाच नकार देते. गिटचा पूर्ण इतिहास काही जीबींचा आहे. नुसतं बिल्ड करायचं असेल तर ‘डेप्थ १’ देऊन क्लोन केलेलं पुरतं.

आता टूल्स. डेबियन-उबुंटूवर पॅकेजांची यादी अशी: बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएल्फ-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह, ड्वार्व्ज, सीपीआयओ, केमॉड. यादी कुठेही मिळते, पण कोण कशासाठी आहे हे कळलं तर एरर वाचता येते.

कर्नेलचं बिल्ड म्हणजे खरं तर दोन बिल्ड असतात. आधी तुमच्या मशीनवर चालणारी छोटी-छोटी टूल्स बनतात, मग त्यांच्या मदतीने कर्नेल. पडद्यावर सरकणाऱ्या ओळींच्या डाव्या टोकाला एक शब्द असतो. तिथे ‘होस्टसीसी’ असेल तर मदतनीस टूल बनतंय, नुसतं ‘सीसी’ असेल तर बहुतेक वेळा कर्नेलचा कोड. ‘होस्टसीसी’च्या ओळीवर गाडी अडली तर कर्नेलमध्ये काही बिघडलेलं नाही, तुमच्या मशीनवर एखादं पॅकेज कमी आहे. हा एक शब्द वाचायची सवय लागली की निम्मी शोधाशोध वाचते.

फ्लेक्स आणि बायसन लागतात ते कॉन्फिगची (कर्नेलमध्ये काय घ्यायचं, काय नाही या यादीची) भाषा वाचणारा पार्सर बनवायला. म्हणून ते नसतील तर पहिल्या काही सेकंदांतच कळतं. बीसी हा साधा कॅल्क्युलेटर. सेकंदाचे किती टिक पाडायचे त्यावरून वेळेचे स्थिरांक काढून तो एक हेडर तयार करतो. लिबएल्फ हवं ‘ऑब्जटूल’साठी. एक्स८६वर हे टूल प्रत्येक ऑब्जेक्ट फाइल तपासतं आणि स्टॅक उलगडायची माहिती तिच्यात भरतं. ‘जीएल्फ डॉट एच सापडत नाही’ अशी एरर आली तर हेच पॅकेज राहिलंय. (ऑब्जटूलच्या ओळीवर ‘सीसी’ दिसलं तरी ते मदतनीस टूलच, हा अपवाद लक्षात ठेवा.) लिबएसएसएल सर्टिफिकेटं आणि मॉड्यूलच्या डिजिटल सहीसाठी. ड्वार्व्ज या पॅकेजात ‘पाहोल’ हे डीबग माहितीतून टाइपांची नोंद काढणारं टूल असतं. डावीकडे ‘बीटीएफ’ लिहिलेल्या ओळीवर, म्हणजे अगदी शेवटी, ते कामाला येतं. अख्खा वेळ घालवून शेवटच्या पायरीला बिल्ड पडलं तर बहुधा पाहोल नाही, जुनं आहे किंवा रॅम संपली.

जेवढं नवं कंपायलर तेवढं बरं, हा समज इथे चालत नाही. लिनक्स ६.१६पासून किमान जीसीसी (कंपायलर) ८.१ आणि बिनयुटिल्स (लिंकर वगैरे टूल्स) २.३० लागतात. उलट बाजूनेही अडतं. जीसीसी १५ सी भाषेचं २०२३चं प्रमाण गृहीत धरतं आणि त्यात ‘ट्रू’, ‘फॉल्स’, ‘बूल’ हे भाषेचेच कीवर्ड आहेत. जुन्या कर्नेलमध्ये बूटच्या भागाला कुठलं प्रमाण वापरायचं हे स्पष्ट दिलेलं नव्हतं, त्यामुळे ‘फॉल्स हा कीवर्ड इथे वापरता येत नाही’ अशा अर्थाची एरर येते. पुस्तक किंवा कोर्समागे जुनं कर्नेल घेतलं असेल तर सोर्स दुरुस्त करत बसू नका. त्या काळातलं जीसीसी शेजारी इन्स्टॉल करा आणि ‘मेक’ला ‘सीसी’ आणि ‘होस्टसीसी’ दोन्हींच्या पुढे त्याचं नाव द्या.

कॉन्फिगसाठी सल्ला एकच: ‘मेक डेफकॉन्फिग’, त्यावर ‘मेक केव्हीएम_गेस्ट डॉट कॉन्फिग’. क्यूएमूला लागणारे व्हर्टिओचे ड्रायव्हर (खोट्या मशीनच्या डिस्क-नेटवर्कसाठीचे) यात येतात. चालू सिस्टीमच्या बूट फोल्डरमधली कॉन्फिग उचलून आणायचा मोह आवरा. तिच्यात हजारो मॉड्यूल्स असतात आणि डीबग माहितीसकट २० जीबी जागाही अपुरी पडू शकते. उबुंटूची कॉन्फिग घेतली तर ‘कॅनॉनिकल-सर्ट्स डॉट पेम बनवायचा नियम नाही’ म्हणून बिल्ड थांबतं, कारण ती सर्टिफिकेटची फाइल त्यांच्या सोर्समध्ये असते, मूळ कर्नेलच्या झाडात नाही. तीच कॉन्फिग हवी असेल तर ‘सिस्टम_ट्रस्टेड_कीज’ आणि ‘सिस्टम_रिव्होकेशन_कीज’ या दोन्ही जागा रिकाम्या करा.

मग ‘मेक’ आणि ‘जे’चा आकडा, म्हणजे एका वेळी किती कामं चालवायची. जितके कोअर तितका आकडा असं सरसकट सांगतात, पण रॅम बघा. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडा ठेवून ‘जे १६’ दिलं तर ‘सीसी१ किल्ड’ असं दिसतं. ही कोडची चूक नाही, सिस्टीमने मेमरीसाठी कंपायलरला मारलेलं असतं. अशा मशीनवर ४ पुरे. चार-सहा कोअरच्या लॅपटॉपवर डेफकॉन्फिगला साधारण १० ते २५ मिनिटं लागतात. बिल्ड पडलं तर शेवटची ओळ नुसती ‘एरर २’ म्हणते, खरी एरर शंभर ओळी वर गाडलेली असते. अशा वेळी ‘जे’ न देता पुन्हा ‘मेक’ चालवा, ते बरोबर चुकीपाशी येऊन थांबतं. ‘व्ही=१’ दिलं तर कंपायलरला दिलेली पूर्ण कमांडही दिसते.

शेवटी दोन फाइली हाती येतात. ‘व्हीएमलिनक्स’ ही मोठी, सिम्बॉल असलेली, डीबगरसाठी. ‘बीझेडइमेज’ ही दाबून लहान केलेली, बूट करायची. एक्स८६च्या बूट फोल्डरमध्ये ती मिळते.

पण नुसतं कर्नेल चालवून काय करणार? ते उठलं की पहिला प्रोग्रॅम शोधतं, आणि तो आपल्यालाच द्यावा लागतो. इथे बिझीबॉक्स कामाला येतं: शेल, माउंट, एलएस सगळं एका फाइलीत. स्वतः बिल्ड करायला गेलात तर १.३६.१ या आवृत्तीत दोन अडचणी आहेत. नव्या जीसीसीवर मेन्युकॉन्फिग ‘एनकर्सेस सापडत नाही’ म्हणतं, जरी ते इन्स्टॉल असलं तरी, कारण तपासणीसाठी लिहिलेला इवलासा सी प्रोग्रॅम जुन्या पद्धतीचा आहे आणि जीसीसी १४ तो स्वीकारत नाही. दुसरी म्हणजे ६.८ किंवा पुढच्या कर्नेलच्या हेडरांबरोबर ‘टीसी’ ही कमांड कंपाइलच होत नाही. कॉन्फिग फाइलीत हाताने ती बंद करावी लागते. त्यापेक्षा डेबियनचं ‘बिझीबॉक्स-स्टॅटिक’ हे पॅकेज ‘ॲप्ट डाउनलोड’ने आणा, ‘डीपीकेजी -एक्स’ने वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा आणि आतली फाइल घ्या. स्टॅटिक मात्र हवंच. साधी फाइल सी लायब्ररी शोधते, आणि आपल्या रिकाम्या जगात सी लायब्ररी नाही.

एक फोल्डर करा, त्यात बिन, देव्ह, प्रोक, सिस हे चार फोल्डर. बिनमध्ये बिझीबॉक्स. फोल्डरच्या मुळाशी ‘इनिट’ नावाची सहा ओळींची स्क्रिप्ट. पहिली ओळ ‘बिन’मधल्या बिझीबॉक्सकडे बोट दाखवणारी शबँग (स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रॅमने चालवायची ते सांगणारी ‘#!’ची ओळ), पुढे स्पेस देऊन ‘एसएच’. दुसरी, बिझीबॉक्सला ‘इन्स्टॉल -एस’ सांगून बिनमध्ये सगळ्या कमांडच्या लिंक पाडणारी. पुढच्या तिघी प्रोक, सिसएफएस आणि देव्हटीएमपीएफएस माउंट करणाऱ्या. सहावी ‘एक्झेक सेटसिड सीटीटीवायहॅक एसएच’. ‘एक्झेक’मुळे स्क्रिप्टच्या जागी शेलच पहिला प्रोग्रॅम होतं. शेल बंद केलं की पहिला प्रोग्रॅम संपतो आणि कर्नेल पॅनिक होतं, म्हणजे हात टेकून थांबतं. सीटीटीवायहॅक शेलला टर्मिनल जोडून देतं; ते नसेल तर शेल चालतं, पण कंट्रोल-सी चालत नाही. शेवटी स्क्रिप्टला एक्झिक्युटेबल करा.

आता हे सगळं ‘सीपीआयओ’ने एका गठ्ठ्यात बांधायचं, फॉरमॅट ‘न्यूसी’च, वर जीझिप. बांधताना त्या फोल्डरच्या आत उभं राहून ‘फाइंड डॉट’ करा. बाहेरून केलंत तर गठ्ठ्यात इनिट एक पायरी खोल जातो, कर्नेलला मुळाशी काही सापडत नाही, मग ते डिस्क शोधायला जातं आणि ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ म्हणून मरतं. हे वाचून लोक डिस्कचे ड्रायव्हर तपासत बसतात, आणि चूक असते गठ्ठा बांधण्यात.

क्यूएमूला पाच गोष्टी द्या: कर्नेल म्हणून बीझेडइमेज, इनिटआरडी म्हणून गठ्ठा, मेमरी ५१२ एमबी (काही न सांगता ते १२८च देतं), ‘नोग्राफिक’, आणि अपेंडमध्ये (कर्नेलला द्यायच्या सूचनांत) ‘कन्सोल=टीटीवायएस०’, म्हणजे पहिला सिरीयल पोर्ट. शेवटची राहिली तर कर्नेल व्यवस्थित बूट होतं, फक्त तुम्हाला काहीच दिसत नाही. ‘एनेबल-केव्हीएम’ (प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय वापरणारा पर्याय) जोडलं तर वेग कैक पटींनी वाढतो. परवानगी नाही म्हटलं तर स्वतःला ‘केव्हीएम’ ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग एक्स.

पॅनिकमधले आकडे बोलतात, ते ऐका. ‘फेल्ड टू एक्झिक्युट इनिट’च्या पुढे -१३ असेल तर एक्झिक्युटेबल करायचं राहिलं. -८ असेल तर शबँग चुकली किंवा फाइल दुसऱ्या आर्किटेक्चरची आहे. -२ म्हणजे फाइल नाही, पण ही फसवी: इनिट डोळ्यांसमोर असतो, नसतो तो शबँगमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम. आणि ‘अटेम्प्टेड टू किल इनिट’च्या पुढे एक्झिटकोड ०x००००७एफ००. यातल्या ७एफचे दशमानात १२७ होतात, म्हणजे ‘कमांड सापडली नाही’. विंडोजच्या एडिटरमध्ये स्क्रिप्ट लिहिली की हे हमखास होतं: ओळीच्या शेवटी न दिसणारं कॅरेज रिटर्न चिकटतं, आणि बिझीबॉक्स ‘एसएच’ ऐवजी ‘एसएच आणि एक अदृश्य अक्षर’ नावाची कमांड शोधतं. ‘डॉसटूयुनिक्स’ फिरवा, गठ्ठा पुन्हा बांधा.

डीबगरसाठी कॉन्फिगमध्ये डीबग माहिती आणि ‘जीडीबी_स्क्रिप्ट्स’ चालू करून पुन्हा बिल्ड करा. क्यूएमूला स्मॉल ‘एस’ आणि कॅपिटल ‘एस’ असे दोन पर्याय द्या; पहिल्याने १२३४ पोर्ट उघडतो, दुसऱ्याने सीपीयू थांबून राहतो. अपेंडमध्ये ‘नोकेएएसएलआर’ हवंच, नाहीतर दर बूटला कर्नेल वेगळ्या पत्त्यावर बसतं आणि ब्रेकपॉइंट हवेत राहतात. जीडीबी या डीबगरमध्ये व्हीएमलिनक्स उघडा, पोर्टला जोडा. केव्हीएम चालू असेल तर ‘स्टार्ट_कर्नेल’वर साधा ‘ब्रेक’ नको, ‘एचब्रेक’ लावा. साधा ब्रेकपॉइंट मेमरीत एक बाइट लिहितो, आणि त्या क्षणी कर्नेल अजून उलगडलेलंच नसतं. उलगडताना तो बाइट पुसला जातो. व्हेरिएबलच्या जागी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसलं तर जीडीबीला दोष देऊ नका: कर्नेल ऑप्टिमायझेशनशिवाय बिल्डच होत नाही.

ऊप्स, म्हणजे कर्नेलच्या आतल्या चुकीचा अहवाल, आला तर ‘आरआयपी’च्या पुढे फंक्शनचं नाव, अधिक चिन्ह आणि दोन आकडे असतात: फंक्शनमध्ये किती बाइट आत, आणि फंक्शन एकूण किती बाइटांचं. सोर्सच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या ‘एफअ‍ॅडरटूलाइन’ला व्हीएमलिनक्स आणि ही नोंद दिली की फाइल आणि ओळीचा नंबर मिळतो. पूर्ण मजकूर एकदम सोडवायचा तर शेजारीच ‘डिकोड_स्टॅकट्रेस’ आहे. व्हीएमलिनक्स मात्र त्याच बिल्डचं हवं. मधे एकदा ‘मेक’ झालं असेल तर ओळी चुकीच्या दिसतात आणि भलत्याच जागी शोध सुरू होतो.

आर्मसाठी बिल्ड करायचं असेल तर क्रॉस कंपायलर टाका, ‘आर्च=आर्म६४’ आणि ‘क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-जीएनयू-’ द्या. शेवटची आडवी रेघ महत्त्वाची, कारण तिला ‘जीसीसी’ चिकटवून नाव बनतं. ही दोन्ही प्रत्येक ‘मेक’ला द्यावी लागतात, एकदा विसरलात तर चालू कॉन्फिग एक्स८६ची होते आणि पुढचं सगळं बिघडतं. शेलमध्ये एक्सपोर्ट करून ठेवा, आणि ‘ओ=’ देऊन दोन्ही आर्किटेक्चरचं बिल्ड वेगवेगळ्या फोल्डरमध्ये करा. बिझीबॉक्सही आर्मचंच लागेल. क्यूएमूत मशीन ‘व्हर्ट’, सीपीयू ‘कॉर्टेक्स-ए५७’, फाइल ‘इमेज’, आणि कन्सोल टीटीवायएस० नव्हे, टीटीवायएएमए०.